युद्धाचा न्याय तोलणारा पंडित : ह्यूगो ग्रोशियस

राष्ट्राने शस्त्र केव्हा उचलावे, हा प्रश्न आपल्याकडे उद्योगपर्वापासून चर्चिला गेला आहे. युरोपात त्याची कायद्याच्या अंगाने पद्धतशीर मांडणी केली ती ह्यूगो ग्रोशियस या डच पंडिताने. त्याचा जन्म १० एप्रिल १५८३ रोजी डेल्फ्ट येथे झाला. अकराव्या वर्षी तो लायडन विद्यापीठात दाखल झाला.

त्याचे युद्धचिंतन मात्र वकिलीच्या निमित्ताने सुरू झाले. १६०३ मध्ये हेमस्केर्क या डच दर्यावर्दीने सिंगापूरनजीक ‘सांता कातारिना’ हे मालाने भरलेले पोर्तुगीज जहाज पकडले. ही न्याय्य जप्ती की चाचेगिरी? डच ईस्ट इंडिया कंपनीची बाजू मांडताना ग्रोशियसने, गोव्याहून पूर्वसमुद्रावर हुकमत सांगणाऱ्या पोर्तुगीजांचा दावा खोडून काढला. त्या लेखनातील एक प्रकरण १६०९ मध्ये ‘मारे लिबेरुम’ या नावाने, लेखकाचे नाव न देता प्रसिद्ध झाले. समुद्र कोणाच्याही मालकीचा नाही, हे त्याचे सार. पुढे १६१३ मध्ये इंग्रजांनी हाच मुद्दा डचांपुढे टाकला, तेव्हा मसाल्याच्या व्यापारातील डचांचा मक्ता राखण्यासाठी लंडनला गेला तोही ग्रोशियसच! या विसंगतीवर पांघरूण घालण्याचे कारण नाही.

धर्म आणि राजकारण यांच्या कलहात १६१८ साली त्याला अटक झाली. त्याचा आश्रयदाता ओल्डेनबार्नेवेल्ट याचा शिरच्छेद झाला. ग्रोशियसला लोवेस्टाइनच्या किल्ल्यात जन्मठेप मिळाली. तेथे ग्रंथांची पेटी तेवढी ये-जा करी. पहारेकरी ती उघडून पाहीनासे झाले आहेत, हे पत्नी मारियाने हेरले आणि २२ मार्च १६२१ रोजी पुस्तकांच्या जागी पतीलाच पेटीत निजवून बाहेर धाडले. ग्रंथप्रेमींना ही पेटी विशेष जवळची वाटावी.

तीस वर्षांचे युद्ध पेटलेले असताना, १६२५ मध्ये पॅरिस येथे युद्ध व शांतता यांच्या कायद्यावरील त्याचा लॅटिन महाग्रंथ निघाला. स्वसंरक्षण, हिरावलेल्या हक्काची वसुली आणि अपराधाला शासन, ही युद्धाची न्याय्य कारणे त्याने मानली. शेजाऱ्याच्या वाढत्या बळाची नुसती धास्ती, सुपीक भूमीचा लोभ, किंवा लोकांच्या हिताच्या नावाखाली त्यांच्या इच्छेविरुद्ध राज्य करण्याची हौस, ही कारणे त्याने साफ नाकारली. कारण संशयास्पद असेल तर वाटाघाट करावी, लवाद नेमावा, प्रसंगी चिठ्ठ्या टाकाव्यात, असे त्याचे मत होते. न्याय्य कारण असले तरी युद्ध पुकारलेच पाहिजे असेही नाही. तिसऱ्या कारणात मात्र फट राहिली. निसर्गनियम घोरपणे मोडणाऱ्या परक्या समाजालाही शासन करण्याची मुभा त्याने राजांना दिली. बलिष्ठांच्या ती पथ्यावर पडणारीच होती.

पुढे सुमारे दहा वर्षे तो पॅरिसमध्ये स्वीडनचा राजदूत होता. १६४५ मध्ये बाल्टिक समुद्रात त्याचे जहाज वादळात सापडले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, २८ ऑगस्टला, रॉस्टॉक येथे त्याचा मृत्यू झाला. कंपनीसाठी लिहिलेला मूळ ग्रंथ तोवर हस्तलिखितातच होता. १८६४ मध्ये तो उजेडात आला आणि १८६८ मध्ये छापला गेला.