कै. रावबहादुर केरोपंत छत्रे

काशीदच्या पुळणीवरून उत्तरेस अलिबागेकडे जाऊं लागलें म्हणजे कोरलई, रेवदंडा व चौल हीं गांवें मागें पडल्यावर नारळी-पोफळींच्या वाड्यांत दडलेलें नागांव लागतें. याच गांवीं ता. 16 मे 1825 रोजीं केरो लक्ष्मण छत्रे यांचा जन्म झाला. महाराष्ट्रास गणिताची व सृष्टिशास्त्राची गोडी लावणारा हा थोर शिक्षक आपल्याच किनाऱ्यावरचा होता, हें आमच्या विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. म्हणून त्यांचें अल्पचरित्र येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें प्रो. आर्लिबार व बाळशास्त्री जांभेकर यांच्या हाताखालीं त्यांचें शिक्षण झालें. सन 1840 मध्यें, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षीं, ते कुलाब्याच्या वेधशाळेंत नोकरीस लागले. ठराविक वेळीं यंत्रें पाहावयाचीं व जें दिसेल तेंच टिपावयाचें, ही तेथील शिस्त. वेधशाळेंत उष्णतामापक सावलींत कां टांगितात, याचा आमच्या वाचकांनीं विचार करावा. उन्हांत ठेविल्यास सूर्याचे किरण थेट त्यावर पडून पारा चढतो, आणि मग हवेची उष्णता न कळतां किरणांचीच कळते. अशा बारीक भेदांकडे लक्ष पुरविणें हाच शास्त्राचा पाया होय.

सन 1851 मध्यें केरोपंत पुण्यास आले. पूना कॉलेजांत, जें पुढें डेक्कन कॉलेज झालें, त्यांनीं गणित व सृष्टिशास्त्र शिकविलें. मुंबईचें विश्वविद्यालयच 1857 सालीं निघालें, तेव्हां त्यांच्यापाशीं पदवी कोठून असणार? परंतु लोकमान्य टिळकांसारखे शिष्य त्यांस गुरु मानीत. अंकगणित व पदार्थविज्ञान यांवर त्यांनीं मराठींत शालोपयोगी पुस्तकें लिहिलीं.

सन 1860 मध्यें त्यांनीं ग्रहसाधनाचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. जुन्या पंचांगांतील ग्रह व आकाशांतील ग्रह यांचा मेळ बसत नसे. गणित आकाशाशीं ताडून पाहिलें पाहिजे, या निष्ठेनें 1865 पासून आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्यानें त्यांनीं नवें पंचांग काढिलें. तें फार थोड्यांनीं स्वीकारिलें. तथापि लोकरूढीस्तव त्यांनीं आपले आंकडे बदलले नाहींत. 1877 सालीं त्यांस रावबहादुर ही पदवी मिळाली, 1879 सालीं ते सेवानिवृत्त झाले, व ता. 19 मार्च 1884 रोजीं निवर्तले.

अशा पुरुषाचें खरें स्मरण म्हणजे स्वतः पाहणें. विद्यार्थ्यांनो, एकसारखे दोन पत्र्याचे डबे घ्या. एकास बाहेरून काजळ फांसा, दुसरा घांसून लखलखीत करा. दोहोंत एकाच घागरींतलें पाणी सारखें मोजून भरा, झांकणें लावा व काशीदच्या वाळूंत उन्हांत ठेवा. अर्ध्या तासानें काळ्या डब्यांतील पाणी अधिक तापलेलें आढळेल. मग दोहोंत सारखेंच कढत पाणी भरून सुरूंच्या सावलींत, वारा लागणार नाहीं असे ठेवा. आतां काळा डबाच आधीं निवेल! जो पृष्ठभाग किरण अधिक शोषितो, तोच अधिक सोडितो. धातूच्या चौकोनी भांड्यांत कढत पाणी भरून, त्याच्या निरनिराळ्या बाजूंपासून निघणारी उष्णता मोजून, जॉन लेस्ली यांनीं असेच प्रयोग 1804 सालीं प्रसिद्ध केले.

दुपारीं समुद्रावरचा वारा गार असतांही पायांखालची वाळू कां पोळते, व निरभ्र रात्रीं तीच इतकी लवकर कां निवते, हेंही यावरून उमगेल.

परीक्षेपुरतें पाठ केलेलें वाक्य उन्हाळ्याच्या सुटींत विसरतें. हातानें केलेला प्रयोग विसरत नाहीं. मात्र त्यांत एक कसोटी आहे. पुस्तकांत छापलें आहे तसें उत्तर न आल्यास तें खोडून दुसरें लिहूं नये. पुन्हां प्रयोग करावा व कारण शोधावें. आंकडा रुचो वा न रुचो, तो जसाचा तसा टिपण्याचें जें व्रत नागांवच्या त्या पुत्रानें जन्मभर पाळिलें, तें आमच्या मुलांनींही पाळावें, व पालकांनीं त्यासाठीं घरांतले दोन डबे काळे होऊं द्यावे, एवढीच आमची विनंती आहे.