एकाच पत्त्यावर दोन दावेदार आले तर? इंटरनेटचे पत्ते सांभाळणाऱ्या जॉन पोस्टेलची गोष्ट

समजा, आरे कॉलनीच्या रस्त्यावर एक दूध केंद्र आहे. रोज सकाळी एक जण ते उघडतो. तो आजारी पडला की दुसरा येऊन गल्ल्यावर बसतो. गिऱ्हाइकाला फरक पडत नाही, कारण केंद्राचा पत्ता तोच असतो.

बँका, हॉस्पिटलं, तिकीट बुकिंग यांचे सर्व्हरही अनेकदा असेच जोडीने चालतात. दोन मशीन आणि दोघांत मिळून एक आयपी अ‍ॅड्रेस. पहिलं बंद पडलं की दुसऱ्याने तो अ‍ॅड्रेस स्वतःकडे घ्यायचा. याला म्हणतात फेलओव्हर.

ऐकायला सोपं आहे, पण ऐनवेळी नेमकं इथंच घोडं अडतं. ते का अडतं हे समजून घ्यायचं तर एका दाढीवाल्या, सँडल घालून ऑफिसला येणाऱ्या माणसाची गोष्ट माहिती पाहिजे. नाव जॉन पोस्टेल.

पोस्टेलचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचा. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात तो शिकत होता, तेव्हा तिथंच इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट उभं राहत होतं. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्यावरून पहिला संदेश गेला तो याच विद्यापीठातून.

नेटवर्क वाढायला लागलं तसा प्रश्न आला, कुणाला कुठला नंबर दिलाय हे लिहून कोण ठेवणार? पोस्टेलने ते काम अंगावर घेतलं. सुरुवातीला ही नोंद चक्क एका वहीत असायची. पुढे याच कामाला आयएएनए असं नाव मिळालं.

दुसरं काम होतं नियम छापण्याचं. इंटरनेटचे तांत्रिक नियम ‘आरएफसी’ नावाच्या कागदपत्रांतून येतात. जवळपास तीन दशकं त्यांचा संपादक पोस्टेलच होता. आयपी अ‍ॅड्रेस कसा चालतो हे सांगणारा १९८१ चा नियमही त्याच्याच संपादनाखाली आला.

मुंबईशी त्याचा संबंध काय? आज आपण वेबसाइटच्या नावामागे लावतो ते ‘डॉट इन’ १९८९ मध्ये पोस्टेलच्या यादीत नोंदवलं गेलं. ते सांभाळायची जबाबदारी आली मुंबईच्या जुहूतल्या एनसीएसटी या संस्थेकडे. भारताचं पहिलं शैक्षणिक नेटवर्क ‘अर्नेट’ उभं करणाऱ्यांत हीच संस्था होती आणि आरेच्या पलीकडे पवईतलं आयआयटीही होतं.

आता फेलओव्हरकडे येऊ.

नोव्हेंबर १९८२ मध्ये डेव्हिड प्लमर यांनी लिहिलेला एक नियम आला, एआरपी. आयपी अ‍ॅड्रेस सध्या कुठल्या मशीनकडे आहे हे नेटवर्कमधली इतर यंत्रं याच्या मदतीने शोधतात आणि थोडा वेळ लक्षात ठेवतात. गडबड होते ती या लक्षात ठेवण्यामुळेच.

पहिला सर्व्हर बंद पडतो, दुसरा अ‍ॅड्रेस घेतो, तरी वेबसाइट उघडत नाही. कारण राउटर अजून जुन्याच मशीनचं दार वाजवत असतो. म्हणून दुसऱ्या सर्व्हरने ताबा घेताच, आता हा पत्ता माझ्याकडे आहे, अशी दवंडी पिटायची असते. बिघाड शोधताना आधी बघायचं की अ‍ॅड्रेस खरंच दुसऱ्या मशीनवर आलाय का. मग राउटरच्या नोंदीत कुणाचं हार्डवेअर दिसतंय ते बघायचं. जुन्याचंच दिसत असेल, तर दवंडी पोहोचलेली नाही किंवा नेटवर्कने ती अडवली आहे.

दुसरा घोटाळा याहून वाईट. दोन्ही सर्व्हर धडधाकट असतात, पण त्यांच्यातली एकमेकांची खबर घेणारी केबल तुटते. दोघांनाही वाटतं की समोरचा मेला. दोघंही एकच अ‍ॅड्रेस घेतात आणि वेगवेगळा हिशेब लिहायला लागतात. याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. उपाय तीन : खबर घ्यायला दोन वेगळे मार्ग ठेवा, निर्णयाला तिसरा साक्षीदार ठेवा आणि ताबा घेण्याआधी समोरचं मशीन सक्तीने बंद करा.

गंमत म्हणजे खुद्द इंटरनेटवर असाच प्रसंग आला आणि तो आणला पोस्टेलनेच.

२८ जानेवारी १९९८. वेबसाइटच्या नावांची मूळ यादी तेव्हा जगातल्या १३ रूट सर्व्हरवर असायची. बाकीचे सर्व्हर ती यादी नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीच्या मुख्य सर्व्हरवरून घ्यायचे. पोस्टेलने आठ सर्व्हरच्या चालकांना ईमेल केला की यापुढे यादी आयएएनएच्या सर्व्हरवरून घ्या. त्यांनी लगेच ऐकलं. इंटरनेटला एकाच वेळी दोन मालक झाले.

पण जगात कुणाचीही वेबसाइट बंद पडली नाही, कारण दोन्हीकडची यादी एकसारखी होती. ही फक्त चाचणी होती, असं पोस्टेलचं म्हणणं होतं. अमेरिकन सरकारला मात्र घाम फुटला. व्हाइट हाउसमधून दबाव आला आणि काही दिवसांत सगळं पूर्ववत झालं.

प्रश्न मात्र उघडा पडला. एवढा मोठा कारभार एका माणसाच्या भरवशावर कसा ठेवायचा? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयसीएएनएन ही संस्था स्थापन झाली. तिच्या उभारणीतही पोस्टेल पुढे होता.

१६ ऑक्टोबर १९९८ ला हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीत तो गेला. वय फक्त ५५.

आरएफसीचं काम जॉइस रेनॉल्ड्स आणि बॉब ब्रेडन या सहकाऱ्यांनी हाती घेतलं. पत्त्यांचा हिशेब पुढच्या काळात आयसीएएनएनकडे गेला. तेव्हा भारतातही इंटरनेट सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. ते सांभाळणारा माणूस गेला हे वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना कळलंही नाही. फेलओव्हर नीट झाला, याची खूण तीच.