फुंकर नेमकी कुठे अडते?

सॅक्सोफोन ज्याच्या नावाने ओळखला जातो, त्या अ‍ॅडॉल्फ सॅक्सची आणि माझी ओळख नरडाण्यात झाली. 1994 सालची लगीनसराई होती. मी तिथल्या एका बँकेत अधिकारी होतो. आमचे एक कर्जदार बँडमास्तर हप्त्याऐवजी तक्रार घेऊन आले. त्यांचा सॅक्सोफोन बोलेना. खालचे सूर फाटत होते आणि हळू फुंकले तर नुसती हवाच येत होती. धुळ्याहून तीनदा नवी रीड आणून झाली होती. दोन दिवसांत वाद्य सुधारले नाही, तर सुपारी परत करावी लागणार होती, आणि मग आमचा हप्ताही गेलाच म्हणायचा.

लष्करी बँडातून निवृत्त झालेले एक वादक त्या संध्याकाळी बोलावले गेले. त्यांनी रीड माउथपीसवर नीट आवळली, दुसरे तोंड तळहाताने बंद केले आणि हवा आत ओढली. रीड क्षणभर चिकटून राहायला हवी आणि मग टप्कन सुटायला हवी. इथे ती चिकटलीच नाही, म्हणजे कुठून तरी हवा निसटत होती. मग त्यांनी माउथपीसची सपाट बाजू काचेवर ठेवली. ती मोडक्या पाटासारखी डुलू लागली. दोष रीडचा नव्हता, तिच्या बैठकीचा होता. काचेवर अगदी बारीक पॉलिशपेपर ठेवून ती बैठक ते जपून घासत आणि पुनःपुन्हा तपासत राहिले. टोकाच्या वळणाला त्यांनी हातही लावला नाही, कारण घासले गेलेले परत भरता येत नाही. या वाद्याचा कर्ता जाऊन यंदा शंभर वर्षे झाली, हेही त्यांनीच मला सांगितले.

पुढे मी त्याच्याविषयी वाचत गेलो. त्याचा जन्म 1814 चा, बेल्जियममधल्या दिनाँ गावचा. वडील वाद्ये बनवीत. लहानपणी पडणे, भाजणे, बुडता बुडता वाचणे, सगळे झाले. आपल्याकडच्या आजीने रोज दृष्ट काढली असती! ब्रुसेल्सला तो संगीत शिकला, आणि 1838 मध्ये त्याने सुधारलेल्या बास क्लॅरिनेटचे पेटंट घेतले. मग त्याला प्रश्न पडला, की क्लॅरिनेटचे माउथपीस आणि रीड शंकूसारख्या पितळी नळीवर बसवली तर? क्लॅरिनेटची नळी सरळ असल्याने जोराने फुंकले की सूर एकदम बाराव्या स्वरावर उडी घेतो. शंकूच्या नळीत तो नेमक्या वरच्या सप्तकात जातो, त्यामुळे बोटे सोपी होतात. 1846 मध्ये पॅरिसला त्याने सॅक्सोफोनचे पेटंट मिळवले.

त्याआधी 1845 मध्ये पॅरिसच्या मैदानात जुन्या आणि नव्या वाद्यांच्या लष्करी बँडांची चढाओढ झाली. त्याची वाद्ये जिंकली आणि फ्रेंच लष्करात शिरली. तिथून त्याच्या शत्रूंची रांग लागली. वाद्ये बनवणारे एकजुटीने कोर्टात गेले. 1852, 1873 आणि 1877 असे तीनदा त्याचे दिवाळे निघाले. मधल्या काळात ओठाला कर्करोग झाला. फुंकण्याच्या वाद्याच्या कर्त्याला नेमका ओठाचाच आजार व्हावा! काही वर्षांनी तो बरा झाला. 1857 ते 1870 तो पॅरिसच्या संगीतशाळेत शिकवत होता. 1894 मध्ये गरिबीतच वारला.

त्याच्या माउथपीसची पोकळी आतून ऐसपैस आणि गोलसर असे, सूर मऊ निघे. विसाव्या शतकात नाचाच्या बँडांना खणखणीत आवाज हवा झाला आणि ही पोकळी आक्रसत गेली. टोकाची फटही कमीजास्त होऊ लागली. फट मोठी असेल तर रीड हलकी लागते, अरुंद असेल तर थोडी कडक. एका माउथपीसवर गाणारी रीड दुसऱ्यावर मुकी होते ती यामुळे, आणि बिचाऱ्या रीडलाच बोल लागतो.

आमच्या मास्तरांची वरात ठरल्या दिवशी निघाली. पुढच्या आठवड्यात ते हप्ता भरायला आले, तेव्हा टाकून दिलेल्या तिन्ही रीड खिशात घेऊनच आले होते. सुधारलेल्या माउथपीसवर तिन्ही नीट वाजल्या होत्या.