कपाशीची फवारणी आणि डॉ. दीक्षितांचे रसायन

श्रावण-भाद्रपदात कपाशीवर फवारणी सुरू झाली की अंबड, घनसावंगी, भोकरदनकडून जालन्याच्या सरकारी दवाखान्यात विषबाधेचे रुग्ण येऊ लागतात. तोंडातून लाळ, अंगभर घाम, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ऑर्गनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकामुळे शरीरात ॲसिटिलकोलिन हे रसायन साचते, त्याची ही लक्षणे. याच रसायनाचे मेंदूतले काम ज्यांनी सुरुवातीच्या काळात तपासले, त्यांत एक मराठी डॉक्टर होते: भालचंद्र बाबाजी दीक्षित.

त्यांचा जन्म 1902 मध्ये अमरावतीचा. डॉक्टर झाल्यावर दवाखाना थाटण्याऐवजी ते संशोधनाकडे वळले. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा देशी औषधी वनस्पती तपासत होते. त्यांच्यासोबत दीक्षितांनी दारुहळदीतल्या बर्बेरिनवर काम केले. पुढे ते एडिंबरा विद्यापीठात प्राध्यापक ए. जे. क्लार्क यांच्या औषधशास्त्र विभागात गेले. औषध पेशीवरच्या ठरावीक जागी बसते आणि मगच परिणाम करते, हा विचार क्लार्क यांनी मोजमापांनी पक्का केला होता.

मज्जातंतूचा निरोप रसायनाने पोचू शकतो, हे ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवले होते. पण मेंदूतही असेच घडते का? तिथे सारा कारभार विजेचाच, असे मानणारे शास्त्रज्ञ पुष्कळ होते. दीक्षितांनी मांजराच्या मेंदूत ॲसिटिलकोलिन सोडून पाहिले. मात्रा एका मायक्रोग्रॅमहूनही कमी, आणि मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. मांजरे झोपेसारख्या अवस्थेत गेली. 1934 मध्ये हे काम ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’त छापून आले. झोपेचे गणित त्याहून गुंतागुंतीचे निघाले. जागेपणी आणि स्वप्नांच्या झोपेतही मेंदूत हे रसायन भरपूर असते, हे नंतर कळले. तरीही झोपेमागे रसायन असू शकते हा प्रश्न प्रयोगाच्या टेबलावर आणणे, हेच त्या काळात मोठे होते.

हे रसायन नेमके करते काय, हे मात्र तेव्हा कोणालाच दिसत नव्हते. स्नायूच्या पेशीवर प्रथिनांची बारीक दारे असतात, त्यांना आयन चॅनेल म्हणतात. ॲसिटिलकोलिन दारावर बसले की ते उघडते, सोडियम आत धावतो आणि स्नायू आकसतो. मेंदूत काही दारे अशी थेट उघडतात, काही आडवळणाने. काम झाले की एक विकर त्या रसायनाचे तुकडे करते. कीटकनाशक या विकरालाच निकामी करते. मग रसायन हटत नाही, स्नायू आधी थरथरतात आणि पुढे गळून जातात.

ॲट्रोपिनने लाळ आटते, छाती मोकळी होते, नाडी सुधारते. स्नायूंच्या दारांवर मात्र त्याचा इलाज चालत नाही. त्यामुळे बोलायला लागलेल्या, चहा मागणाऱ्या रुग्णाचीही एक ते चार दिवसांत मान लुळी पडू शकते आणि श्वासाचे स्नायू थकू शकतात. अशा वेळी व्हेंटिलेटर जवळ असावा लागतो. दुसऱ्याच दिवशी सुट्टी मागणाऱ्या नातेवाइकांना डॉक्टर थांबवतात ते यासाठी.

भारतात परतल्यावर दीक्षितांच्या वाट्याला संस्था उभारण्याचे काम आले. 1946 मध्ये पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलचे कॉलेज झाले, त्याचे ते पहिले प्राचार्य. 1956 मध्ये दिल्लीत एम्स स्थापन झाली, तिचे पहिले संचालकही तेच. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचा पाठिंबा होता, न्यूझीलंडने पैसा दिला होता. पण शिकवणे, उपचार आणि संशोधन एकाच छताखाली चालवण्याची घडी बसवायची होती ती संचालकांना. प्रयोगशाळेतला माणूस फायलींत गेला याची हळहळ वाटते, पण एम्सकडे पाहिले की ती फार टिकत नाही. 1965 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

1976 मध्ये एर्विन नेहर आणि बर्ट साकमन यांनी बेडकाच्या स्नायूवर ॲसिटिलकोलिनने उघडणाऱ्या एकेका दारातून जाणारा विजेचा प्रवाह प्रथमच मोजला. पुढच्याच वर्षी, 1977 मध्ये, दीक्षित वारले.