डॉ. विल्यम केरी व त्यांची डेझी

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे विनोबा भावे यांचे जन्मग्राम होय, हे आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. पेण-रोह्याकडील रानांत कुंभा नावाचे झाड असते, हेही तिकडच्या मुलांस सांगावयास नको. परंतु कुंभ्याच्या शास्त्रीय नावातील 'केरिया' हा शब्द ज्यांच्यावरून आला, ते डॉ. विल्यम केरी मूळचे जोडे शिवणारे होते, हे फार थोड्यांस माहीत असेल. त्यांचे स्नेही डॉ. रॉक्सबर्ग यांनी हे नाव दिले.

केरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडात नॉर्थॅम्प्टनशायरमधील एका खेड्यात झाला. वडील आरंभी विणकर होते, पुढे गावचे शाळामास्तर झाले. पीटर नावाचे त्यांचे काका कॅनडाहून परतलेले माळी होते. त्यांच्यापासून मुलास झाडांचा नाद लागला. उन्हाने अंगाची कातडी सोलवटत असल्यामुळे शेतकाम सुटले व हाती आरी आली. अशा मनुष्याने पुढे आयुष्याची चाळीस वर्षे बंगालच्या उन्हात काढावी, हे नवलच म्हणावयाचे!

१७९३ साली ते हिंदुस्थानात आले, व १८०० साली हुगळीकाठी डेन लोकांच्या ताब्यातील सेरामपूर येथे स्थायिक झाले. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली व संस्कृत आणि पुढे मराठीही शिकवीत. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्यांनी मराठीचे व्याकरण १८०५ साली व कोश १८१० साली छापून काढला. महाराष्ट्रात न राहता त्यांनी आपल्या भाषेची ही सेवा केली, याचे आम्हांस विशेष वाटते. मार्च १८१२ मध्ये छापखान्यास आग लागून पुष्कळशी हस्तलिखिते जळाली. केरी पुन्हा पहिल्या पानापासून लिहावयास बसले.

सेरामपुरी त्यांची सुमारे पाच एकरांची बाग होती. विलायतेहून कूपर नावाच्या स्नेह्याने त्यांस बियांची पिशवी पाठविली. एकही बी वाया जाऊ नये म्हणून केरी यांनी ती रिकामी पिशवी बागेतील सावलीच्या जागी झटकली. काही दिवसांनी तेथे अंकुर दिसला, आणि तो निघाला डेझीचा! विलायतेत ही डेझी गवतातही उगवते; तेथे तिच्याकडे कोण पाहतो? परंतु सुमारे तीस वर्षे ते फूल ज्यांच्या दृष्टीस पडले नव्हते, त्या केरींस झालेला आनंद त्यांनी पत्राने मुद्दाम कळविला. ती हकीकत ऐकून मॉन्टगोमेरी या कवीने त्या फुलावर कविता रचली.

खरे कष्ट मात्र यापुढचे. डेझी स्वदेशी वर्षानुवर्षे जगते. बंगालच्या उन्हाळ्यात ती टिकेना. म्हणून केरी दरवर्षी बी धरून ठेवीत व पुन्हा पेरीत. कोकणातही ज्यांस डेझी किंवा पिंक लावावयाची असेल, त्यांनी हाच मार्ग धरावा. पाऊस पुरता ओसरल्यावर, दिवाळीच्या सुमारास, चाळलेली माती व कुजलेले शेणखत उथळ कुंडीत भरून बी पेरावे. बी फार बारीक असल्यामुळे वर मातीचा केवळ हात फिरवावा, व बारीक झारीने पाणी द्यावे. रोपांस चार-पाच पाने फुटली की ती निरनिराळी लावावी. पाणी तुंबले तर पिंकचे मूळ कुजते, हे विसरू नये.

१८२० साली केरी यांच्या पुढाकाराने कलकत्त्यास शेती व बागाईत यांची मंडळी स्थापन झाली. १८२३ च्या महापुरात त्यांची स्वतःची बाग उद्ध्वस्त झाली. तेव्हा त्यांचे वय बासष्ट होते व शरीर आजाराने खचले होते. तरी बरे वाटू लागताच त्यांनी लागवड पुन्हा सुरू केली.

९ जून १८३४ रोजी त्यांचे निधन झाले. अखेरच्या दुखण्यात एके दिवशी ते अगदी खिन्न दिसले, तेव्हा सहकारी मार्शमन यांनी कारण विचारले. आपल्या मागे मार्शमन बागेत गाई सोडतील, अशी त्यांस धास्ती वाटत होती! मार्शमन यांनी तसे कदापि होऊ न देण्याचे वचन दिले.