लोंबलेला डोळा आणि सुश्रुत

काशीचा राजा दिवोदास धन्वंतरी याच्याकडे शल्यविद्या शिकायला आलेल्या ऋषिपुत्रांत सुश्रुत होते. परंपरा त्यांना विश्वामित्रांचे पुत्र मानते. काळ ख्रिस्तपूर्व काही शतकांचा धरला जातो. बाकी ओळख ‘सुश्रुतसंहिते’तूनच होते आणि तिच्यातही पुढे इतरांची भर पडली. तरी त्यातले गुरुजी स्पष्ट दिसतात: शिष्याला आधी कोहळ्या-भोपळ्यावर छेद घ्यायला लावणारे, प्रेत सात रात्री पाण्यात ठेवून मग एकेक थर उलगडून पाहायला सांगणारे.

सुश्रुत म्हटले की नाकाची शस्त्रक्रिया आणि मोतीबिंदू आठवतो. मार लागून खोबणीबाहेर आलेल्या डोळ्यावर त्यांनी लिहिलेले मात्र कमी वाचले जाते. डोळा फुटला आहे की शाबूत, हे ते आधी पाहतात. फुटलेला डोळा निकामी. न फुटता लोंबत असेल, तर शिरांना धक्का न लावता तो हळूच जागेवर बसवावा आणि मध्ये कमळाचे पान ठेवून तळहाताने दाबावा. नंतर शेळीच्या तुपात ज्येष्ठमध, कमळ वगैरे सिद्ध करून उपचार. आजचे नेत्रतज्ज्ञही आधी हेच तपासतात. डोळा शाबूत असेल तर बधिर करणारे थेंब घालून, पापण्या उचलून तो अलगद आत सरकवतात. फुटला असेल तर त्यावर जराही दाब देत नाहीत. म्हणूनच घरच्यांनी डोळा आत ढकलू नये. स्वच्छ ओले कापड ठेवावे, वर दाब न येईल अशी वाटी धरावी आणि तातडीने रुग्णालय गाठावे.

आत खचलेल्या डोळ्यासाठी सुश्रुत श्वास रोखायला, शिंक आणि उलटी काढायला सांगतात. कुंथल्याने डोक्यातल्या शिरा भरतात, मागून दाब येऊन डोळा पुढे सरकतो. निरीक्षण अचूक आहे. पण मार लागून डोळा खचतो तेव्हा अनेकदा खोबणीचे पातळ हाड मोडलेले असते. जोरात नाक शिंकरले तर सायनसमधली हवा डोळ्यामागे शिरते. त्यामुळे आज अशा रुग्णाला नाक शिंकरायलाच मनाई असते. इथे सुश्रुतांचा सल्ला पाळू नये.

खचलेला किंवा निखळलेला डोळा त्यांनी ‘याप्य’ म्हणजे सांभाळता येणारा, पण पूर्ण बरा न होणारा, अशा गटात टाकला. आज डोळा जागेवर बसतो, कधी दृष्टीही वाचते. पण दृष्टीची नस तुटली असेल तर त्या डोळ्याला दिसत नाही.