हायरम पर्सी मॅक्सिम

रेडिओ बोलतो आणि आपण ऐकतो. आपण त्याला उत्तर देऊ शकत नाही. पण जगात असे लाखो लोक आहेत, जे घरातल्या यंत्रावरून दूरदेशीच्या अनोळखी माणसाशी बोलतात. या कामाचे पैसे त्यांना मिळत नाहीत आणि घेताही येत नाहीत. त्यांना हौशी रेडिओचालक म्हणतात. त्यांना एकत्र आणणाऱ्या माणसाची ही ओळख आहे.

हायरम पर्सी मॅक्सिम यांचा जन्म 1869 साली अमेरिकेत ब्रुकलिन येथे झाला. त्यांच्या वडिलांनी मशीनगन शोधून काढली. मुलाने बंदुकीचा आवाज दाबणारे साधन तयार केले! मॅक्सिम इंजिनिअर होते. हार्टफर्ड शहरात राहत असताना, चाळिशी गाठल्यावर, त्यांना बिनतारी संदेशांचा छंद लागला. मुलगाही त्यांच्याबरोबर या छंदात रमला.

त्या काळी हौशी लोक टिंब आणि रेघ यांच्या मोर्स लिपीत संदेश पाठवत. 1914 सालच्या एप्रिल महिन्यात मॅक्सिम सुमारे 40 किलोमीटरवरच्या स्प्रिंगफील्ड गावाला संदेश पाठवत होते. तो काही पोहोचेना. तुम्ही असता तर काय केले असते? मॅक्सिम यांनी वाटेतल्या गावच्या एका हौशी चालकाला तो पुढे पाठवायला सांगितले. संदेश पोहोचला. त्यांच्या मनात आले, असे हातोहात संदेश नेले तर सारा देश जोडता येईल. त्याच वर्षी त्यांनी क्लॅरेन्स टस्का या तरुणाच्या साथीने हौशी चालकांची संघटना स्थापन केली.

1917 साली अमेरिका महायुद्धात उतरली आणि सरकारने हौशी केंद्रे बंद केली. युद्ध संपल्यावर तर सगळा रेडिओ नौदलाच्या ताब्यात देण्याचा विचार सुरू झाला. छंद कायमचा बुडण्याची वेळ आली. मॅक्सिम राजधानीत गेले आणि त्यांनी हौशी लोकांची बाजू मांडली. अखेर 1919 साली परवानगी परत मिळाली.

हौशी लोकांना 200 मीटर व त्याहून आखूड लहरीच वापरता येत. या लहरी दूर जात नाहीत, निरुपयोगी आहेत, असा तज्ज्ञांचा समज होता. म्हणूनच त्या यांच्या वाट्याला आल्या होत्या. पण त्याच आखूड लहरी आकाशातल्या उंच थरावरून परत फिरतात आणि फार दूर पोहोचतात. 1923 सालच्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील हौशी चालकांनी अटलांटिक महासागरापलीकडे फ्रान्समधील एका हौशी चालकाशी संदेशांची देवाणघेवाण केली. 1925 साली पॅरिसला जागतिक संघ स्थापन झाला. मॅक्सिम त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

17 फेब्रुवारी 1936 रोजी ते वारले. प्रत्येक हौशी केंद्राला सांकेतिक नाव असते. मॅक्सिम यांच्या केंद्राचे नाव पुढे संघटनेच्या मुख्य केंद्राला देण्यात आले. भारतातील हौशी केंद्रांची नावे 'व्ही यू' या अक्षरांनी सुरू होतात. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही परीक्षा देऊन असे नाव मिळवता येते.